मातीतले लहान पुरावे : रोमन धातुवस्तूंचा संग्रह

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

कोल्हापूरच्या टाउन हॉल वस्तुसंग्रहालयात कांस्याची एक मूर्ती आहे. उंची वीतभरही नाही. पहिल्या खेपेस ती पाहिली तेव्हा कुणाच्या तरी देवघरातली मूर्ती असावी असे समजून मी पुढे सरकलो होतो. दुसऱ्या खेपेस आमच्या सरांनी थांबवले आणि सांगितले की, हा आपला देव नव्हे. हा ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन, ज्याला रोमन लोक नेपच्यून म्हणत. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर तो इतर कांस्यवस्तूंबरोबर सापडला. त्याच टेकडीवर १९४५–४६ मध्ये डॉ. ह. धी. सांकळिया व डॉ. मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केले आणि तेथील सातवाहनकालीन वस्ती उजेडात आली.

अशा लहान मूर्ती रोमन साम्राज्यात घरोघरी होत्या. युरोपातील संग्रहालयांत त्या पुष्कळ आहेत आणि तिकडच्या लिलावांत आजही विकल्या जातात. मग आपल्या पोसायडनचे एवढे महत्त्व का? तो फार देखणा आहे म्हणून नव्हे. तो ब्रह्मपुरीला सापडला हे आपल्याला माहीत आहे म्हणून. रोमन जगातील एक वस्तू समुद्र ओलांडून, सह्याद्री चढून पंचगंगेच्या काठापर्यंत आली, ही साक्ष ती मूर्ती एकटी देत नाही. मूर्ती आणि जागा मिळून ती देतात. हीच मूर्ती ठावठिकाणा नसलेली एखाद्या दुकानात मिळाली असती, तर ती अनेकांतली एक ठरली असती.

लहान रोमन धातुवस्तू जमवण्याचा छंद युरोपात जुना आहे. त्या वस्तू कोणत्या, त्यांच्यापासून काय कळते आणि संग्रहामुळे ज्ञान कधी वाढते व कधी बुडते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

संग्राहकांची परंपरा

आरंभीच्या संग्राहकांची दृष्टी सौंदर्याकडे होती. संगमरवरी पुतळे, सोन्याची नाणी, कोरीव रत्ने यांनाच मान असे. अठराव्या शतकात फ्रान्समधील काउंट द केलूस (१६९२–१७६५) यांनी वेगळी वाट धरली. मोडक्या, साध्या, रोजच्या वापरातील वस्तूही जुन्या लोकांचे जीवन सांगतात, असे मानून त्यांनी त्या जमवल्या व १७५२ ते १७६७ या काळात सात खंडांत त्यांची वर्णने व चित्रे प्रसिद्ध केली. त्याच शतकात हर्क्युलेनियम (१७३८) आणि पाँपेई (१७४८) येथे खोदकाम सुरू झाले आणि राखेखाली गाडलेली दिवे, कुलपे, पळ्या, तराजू अशी घरगुती धातूची वस्तुजात जगापुढे आली.

परंतु मला सर्वांत जवळचे वाटले ते लंडनचे चार्ल्स रोच स्मिथ. व्यवसायाने ते औषधविक्रेते. विद्यापीठातले पंडित नव्हते. एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये गटारे, रस्ते, पूल यांसाठी जागोजाग खणले जात होते आणि प्रत्येक खड्ड्यात रोमन लंडन वर येत होते. मजुरांच्या हाती लागलेल्या वस्तू एरवी इकडेतिकडे जात. स्मिथ खोदकामांवर स्वतः जात, मजुरांकडून वस्तू विकत घेत आणि कोठे काय निघाले याच्या नोंदी ठेवत. त्यांच्या संग्रहात पाच हजारांहून अधिक वस्तू झाल्या. १८५६ मध्ये ब्रिटिश म्युझियमने तो संग्रह २,००० पौंडांना घेतला. रोमन लंडनविषयी पुढे जे लिहिले गेले त्याच्या पायाशी या दुकानदाराच्या नोंदी आहेत.

लहान वस्तू काय सांगतात?

या वस्तूंत सर्वाधिक आढळते ती ‘फिब्युला’, म्हणजे अंगावरचे वस्त्र अडकवण्याची पिन. आपल्या सेफ्टी पिनेत जी रचना असते तीच हिच्यात असते : एका टोकाला ताण धरणारी तारेची गुंडाळी, पुढे सुई आणि सुईचे टोक बसण्यासाठी खाच. गुंडाळीऐवजी काही प्रकारांत बिजागरी असे. फिब्युलेची घडण काळाप्रमाणे व प्रदेशाप्रमाणे बदलत गेली. पहिल्या शतकातील एका प्रकारावर ‘औकिस्सा’ हे कारागिराचे नाव उमटवलेले सापडते, त्यावरून त्या संपूर्ण प्रकारालाच ते नाव पडले. तिसऱ्या-चौथ्या शतकांत आडव्या धनुष्यासारखी दिसणारी जड फिब्युला आली; ती सैनिक व अधिकारी खांद्यावर मिरवीत. स्वीडनचे अभ्यासक ऑस्कर आल्मग्रेन यांनी १८९७ मध्ये उत्तर युरोपातील फिब्युलांचे वर्गीकरण केले. थरात फिब्युला सापडली की तो थर साधारण कोणत्या काळातील आहे हे सांगता येते. आपल्याकडे खापरांवरून काळ ठरवतात, तसाच हा प्रकार होय.

धातूचाही अभ्यास होतो. कांसे म्हणजे तांबे आणि कथील, पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. पहिल्या शतकातील औकिस्सा फिब्युला व सैनिकांच्या पट्ट्यांचे भाग बहुधा पितळेचे असल्याचे पृथक्करणातून दिसून आले आहे. म्हणजे बोटाएवढ्या पिनेवरूनही लष्कराला कोणता धातू पुरवला जात होता याचा अंदाज येतो.

दुसरी वस्तू गोफणीची गोळी. आपल्या शिवारात पाखरे हाकण्यासाठी गोफण वापरतात, त्यामुळे ती समजावून सांगण्याची गरज नाही. रोमन सैन्यातील गोफणधारी शिशाच्या, दोन्ही टोकांना निमुळत्या गोळ्या वापरीत. इ. स. पूर्व ४१–४० मध्ये इटलीतील पेरुसिया या नगराला ऑक्टेव्हियनने वेढा घातला. त्या वेढ्यातील ज्या गोळ्या सापडल्या त्यांवर सेनापतींची व पलटणींची नावे आहेतच, शिवाय शत्रूला हासडलेल्या शिव्याही आहेत. इतिहासकारांनी त्या युद्धाची राजकारणे लिहिली. सैनिक एकमेकांना काय म्हणत होते हे मात्र शिशाने सांगितले.

शिशाचाच आणखी एक उपयोग होता. इंग्लंडमधील बाथ येथे उन्हाळ्यांच्या कुंडावर सुलिस मिनर्व्हा देवीचे देऊळ होते. १९७९–८० मध्ये तेथील कुंडात उत्खनन झाले, तेव्हा शिसे व कथलाच्या मिश्रणाचे सुमारे १३० लहान पत्रे मिळाले. त्यांवर लोकांनी देवीकडे गाऱ्हाणी लिहून पाण्यात टाकली होती. कुणाचा अंगरखा चोरीला गेला, कुणाची थोडी नाणी. दोकिमेदिस नावाच्या इसमाचे दोन हातमोजे गेले. चोराची बुद्धी आणि डोळे जावोत, असे मागणे त्याने देवीकडे केले आहे. दोन हातमोजे जाणे ज्याला एवढे लागले तो श्रीमंत नसावा. अशा माणसाचे नाव कोणत्या इतिहासग्रंथात आले असते?

रोमच्या राष्ट्रीय संग्रहालयातील एक वस्तू तर वाचून मन अस्वस्थ करते. ती आहे गुलामाच्या गळ्यातील पट्टा आणि त्याला अडकवलेला बिल्ला. मी पळून आलो आहे, मला धरा, माझ्या मालकाकडे, झोनिनसकडे, पोचवाल तर एक सोन्याचे नाणे मिळेल, अशा आशयाचा लॅटिन मजकूर त्यावर आहे. मालकाचे नाव आहे. ज्याच्या गळ्यात तो होता त्याचे नाव नाही. जनावराच्या गळ्यातील पट्ट्यावरही आपण कधी कधी त्याचे नाव घालतो.

थोडक्यात, सम्राटांचा इतिहास शिलालेखांत व ग्रंथांत मिळतो. शिंपी, सैनिक, गुलाम, हातमोजे हरवलेला माणूस यांचा इतिहास मुख्यतः या लहान वस्तूंत आहे. म्हणूनच त्या हरवणे म्हणजे या लोकांना दुसऱ्यांदा हरवणे होय.

एका सनदेची गोष्ट

वस्तू आणि जागा यांचा संबंध समजण्यासाठी एक उदाहरण सविस्तर पाहू. रोमन सैन्यात नागरिकत्व नसलेल्या प्रांतांतील तरुणांच्या साहाय्यक पलटणी असत. पंचवीस वर्षे सेवा केली म्हणजे अशा सैनिकास रोमचे नागरिकत्व मिळे. त्याचा दाखला म्हणून कांस्याचे दोन लहान पत्रे एकत्र बांधून देत. मजकूर दोनदा कोरलेला असे, एकदा बाहेर वाचण्यासाठी आणि एकदा आत बंद. पत्रे तारेने बांधून त्यावर सात साक्षीदारांच्या मुद्रा उमटवीत. बाहेरच्या मजकुरात कुणी खाडाखोड केली, तर मुद्रा तोडून आतला मजकूर पडताळता येई. आपल्याकडील ताम्रपटांचे पत्रे कडीत ओवून त्यावर राजमुद्रा ठोकीत, त्याची येथे आठवण होते. आजचे अभ्यासक या सनदांना ‘डिप्लोमा’ म्हणतात. ग्रीक भाषेत त्या शब्दाचा अर्थ दुहेरी घडी केलेले असा आहे. आपण पदवीच्या कागदासाठी ज्याची वाट पाहतो, त्या शब्दाचे मूळ हे.

१८१२ मध्ये इंग्लंडच्या चेशायर परगण्यात मालपास येथे अशी एक सनद सापडली. ती आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिची तारीख १९ जानेवारी १०३, म्हणजे सम्राट ट्राजनच्या कारकिर्दीतली. ती मिळाली रेबुर्रुस नावाच्या घोडदळातील अधिकाऱ्यास; तो सेवेरुसचा मुलगा, मूळचा स्पेनचा. त्याची पलटण आजच्या हंगेरीच्या बाजूच्या पॅनोनिया प्रांताच्या नावाची. मूळ आज्ञापत्र रोममध्ये लावलेले, त्याची ही नक्कल. आणि सापडली ती चेशायरच्या मातीत. स्पेन, पॅनोनिया, रोम आणि ब्रिटन हे चार प्रदेश एका हातभर जागेत एकत्र आले. परंतु चौथे नाव, ब्रिटनमधील ती जागा, सनदेवर कोरलेले नाही. सनदेत ब्रिटनमधील सैन्याचा उल्लेख आहे. पण तिच्या मालकीची सनद नेमकी कोणत्या परगण्यात राहिली हे शोधणाऱ्याने सांगितले म्हणूनच कळले.

आज अशा एक हजाराहून अधिक सनदा व त्यांचे तुकडे माहीत आहेत. त्यांपैकी पुष्कळ गेल्या काही दशकांत बाजारातून आल्या आणि त्यांतील बऱ्याच बाल्कन प्रदेशातून चोरट्या खोदकामातून निघाल्या असाव्यात असे अभ्यासक मानतात. अक्षरे वाचता येतात, पलटण कळते, तारीख कळते. पण पंचवीस वर्षांच्या चाकरीनंतर तो माणूस कोठे घर करून राहिला, गावी परतला की पलटणीच्या छावणीजवळच थांबला, हे सांगणारी जागा कायमची पुसली गेली. ज्याच्या घराण्यात पहिल्यांदाच असा कागद, नव्हे कांसे, आले, त्याने ते मरेपर्यंत जपले असणार. ते शेवटी कोठे ठेवले होते एवढेही आपल्याला कळू नये, ही हानी लहान नाही.

बाजार आणि कायदा

दुसऱ्या महायुद्धानंतर धातुशोधक यंत्रे स्वस्त झाली आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा छंद इंग्लंडमध्ये फार पसरला. नांगरटीने वर आलेली फिब्युला या यंत्राने सहज सापडते. सरसकट बंदी घालून भागणार नाही हे ओळखून तेथे दोन गोष्टी झाल्या. १९९६ च्या कायद्याने सोन्याचांदीच्या जुन्या वस्तू कळवणे बंधनकारक झाले. आणि १९९७ पासून इतर वस्तूंची स्वेच्छेने नोंद करण्याची योजना सुरू झाली. तिच्यात आजवर पंधरा लाखांहून अधिक वस्तूंची नोंद झाली आहे. वस्तू शोधणाऱ्याकडेच राहू शकते, पण ठिकाण, माप व छायाचित्र सर्वांसाठी उरते.

या पद्धतीचा लाभ २००३ मध्ये दिसला. स्टॅफर्डशायरमध्ये छंदिष्टांना कांस्याचे एक लहान, रंगीत मिन्याचे भांडे मिळाले. त्यांनी ते कळवले. त्याच्या काठाखाली हेड्रियनच्या तटबंदीवरील चार ठाण्यांची नावे कोरलेली निघाली. २००५ मध्ये तीन संग्रहालयांनी मिळून ते घेतले.

याच्या उलट उदाहरण २०१० चे. कंब्रियातील क्रॉस्बी गॅरेट गावी रोमन घोडेस्वाराचे मुखवट्यासह शिरस्त्राण सापडले, तेही तुकड्यांत. एकटी कांस्यवस्तू त्या कायद्यात बसत नव्हती. अभ्यासकांना ते मूळ अवस्थेत नीट तपासता येण्यापूर्वीच विक्रीसाठी जोडून, साफ करून घेतले गेले आणि लिलावात ते सुमारे २३ लाख पौंडांना एका खासगी ग्राहकाकडे गेले. कार्लाइलच्या संग्रहालयाने पैसे जमवले होते, पण ते अपुरे पडले. पुढे २०२३ मध्ये कायद्यात सुधारणा झाली आणि २०० वर्षांहून जुन्या, असाधारण महत्त्वाच्या इतर धातूंच्या वस्तूही त्याच्या कक्षेत आल्या.

इटलीत १९०९ च्या कायद्यापासून जमिनीखालच्या प्राचीन वस्तूंवर राज्याचा हक्क आहे. देशादेशांतील चोरट्या व्यापाराविरुद्ध युनेस्कोचा करार १९७० चा. आपल्याकडे १८७८ चा निखात निधी अधिनियम आहे; त्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा जमिनीत दडलेला ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळवावे लागते. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तूंच्या व्यापारास परवाना आवश्यक केला आणि खासगी निर्यातीस बंदी घातली.

संग्राहकाने काय पाळावे?

पहिली गोष्ट, वस्तूपूर्वी जागा लिहावी. गाव, शेत, कोणत्या बांधापासून किती पावले, किती खोल, सोबत काय होते, तारीख. दुसरी, खणू नये. वर आलेली वस्तू पाहणे वेगळे आणि थर फोडून ती काढणे वेगळे. थर एकदा फुटला की पुन्हा मांडता येत नाही. तिसरी, घासू नये. आपल्याकडे तांब्यापितळेची भांडी चिंच लावून लख्ख करतात. तो चांगला संस्कार येथे घातक ठरतो. शतकानुशतके धरलेले हिरवट पुट हे वस्तूचे कवच असते. त्याच्यावरच बारीक अक्षरे, नक्षी, कापडाचे ठसे टिकून राहतात. मात्र फिकट हिरवी भुकटी सुटू लागली, तर तो क्षारांमुळे होणारा कांस्याचा रोग समजावा, वस्तू कोरडी ठेवावी आणि जाणकारास दाखवावी. चौथी, विकत घेताना ती कोठून व कशी आली हे विचारावे. उत्तर नसेल तर ती चोरीची किंवा खोटी असण्याची शक्यता असते. आम्लाने जुनेपणा आणलेल्या नकली वस्तूंनी तिकडचा बाजार भरलेला आहे.

आपल्या दाराशी

रोमन फिब्युला आपल्या शिवारात सापडणार नाही. पण प्रश्न तोच आहे. मराठवाड्यातील तेर हे ‘पेरिप्लस’ या प्राचीन ग्रीक प्रवासग्रंथातील तगर होय. तेथील रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात व परिसरात सापडणाऱ्या प्राचीन वस्तू आयुष्यभर जमवल्या. त्या आज त्यांच्या नावाच्या शासकीय संग्रहालयात आहेत. त्या वस्तू तेरच्याच, हे निश्चित माहीत असल्यानेच रोमन जगाशी असलेल्या तगरच्या व्यापाराचा अभ्यास करणारे तेथे येतात. लंडनचे औषधविक्रेते आणि तेरचे लामतुरे यांचा मार्ग एकच होता.

शेवटी स्वतःची चूक सांगतो. शाळेत असताना वडिलांनी मला शेतात सापडलेले एक झिजलेले तांब्याचे नाणे दिले होते. ती शिवराई आहे, हे येथे आल्यावर कळले. सहा वर्षे ती माझ्या कंपासपेटीत होती आणि तिच्याविषयी मी एक ओळही लिहिली नव्हती. उलट सुरुवातीलाच आईकडून चिंच घेऊन तिला घासले होते. हा लेख लिहिताना दिवाळीच्या सुट्टीत मी वडिलांना विचारले, नाणे नेमके कोठे मिळाले? वडिलांना लिहिता-वाचता येत नाही. पण ते उठले, मला शेतात घेऊन गेले आणि विहिरीच्या उत्तरेच्या बांधावर उभे राहून म्हणाले, “हितं. जुन्या वाटंला लागून. ही वाट बाजाराची हुती, तुझा आजा सांगायचा.”

ती वाट आता नांगरली गेली आहे. कोणत्याही नकाशावर ती मला आढळली नाही. नाण्याच्या डबीत मी आता एक कागद ठेवला आहे. त्यावर बांध, पावले, वाट आणि सांगणाऱ्याचे नाव आहे.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी अशी एखादी वस्तू असेल, किंवा ती मोडीत गेल्याची आठवण असेल. येत्या सुट्टीत घरच्या वडीलधाऱ्यांना एवढेच विचारावे की, ही कोठे सापडली? वस्तू आणखी शंभर वर्षे टिकेल. तिची जागा ज्याला माहीत आहे तो माणूस तितका टिकणार नाही.